मागच्या ब्रेकांवरची शपथ

माझे दोन तलाक झाले आहेत. दोन्ही एकाच माणसाकडून, आणि दोन्हींत माझा काडीचाही संबंध नव्हता.

पहिल्या वेळी माझ्या नवऱ्याने, बहगतने, जिन्यावरून ओरडून सांगितलं, "आज आईकडे गेलीस तर तुला तलाक!" तोवर मी गल्लीच्या टोकाला पोचले होते आणि ट्रामच्या खडखडाटात मला काही ऐकू आलं नाही. संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी घेऊन हसत घरी आले, तर सासूबाई दारात रडत बसलेल्या.

दुसरा तलाक कबुतरापायी. तंटा गावाहून त्याचा कोणी मित्र आला होता आणि मी भात भरून कबुतरं केली होती. पाहुण्याने एक खाल्लं आणि हात आखडता घेतला. आता आमच्या पुरुषांना पाहुण्याला आग्रह करायचा झाला की बायकोच्या तलाकची शपथ आठवते. बायको घरचीच, खर्च काही नाही. "दुसरं खाल्लं नाहीस तर माझ्या बायकोला तलाक!" असं बहगत गरजला. पाहुण्याचं पोट आधीच बिघडलेलं. तो मोरीकडे म्हणून गेला आणि मागच्या दाराने तंटाला पळाला. मशिदीतल्या तेव्हाच्या शेखने बहगतला विचारलं होतं, बाबा रे, खरंच मनात होतं का? बहगत चारचौघांत छाती काढून म्हणाला, "मी बोललो ते बोललो." त्या बोलण्यापायी मी अख्खा हिवाळा आईच्या घरी काढला. कडेवर आमची लेक शाहिनाज, आणि तिला डांग्या खोकला.

दोन्ही वेळा त्यानेच मला परत आणलं. धर्मात तेवढी सोय आहे, पण दोनदाच. तिसऱ्यांदा झालं की संपलं. मग मी दुसऱ्या कुणाचा संसार करून, तो मोडून आल्याशिवाय बहगतच्या घरात बायको म्हणून पाऊल टाकू शकत नाही. म्हणजे आमचा एकच तलाक शिल्लक होता, आणि तो बहगतने मंगळवारी सकाळी गाडीच्या मागच्या ब्रेकांवर लावला.

गाडी म्हणजे फियाट अकराशे. पिस्त्याच्या रंगाची, माझ्या सासऱ्यांनी नवी घेतलेली. बहगत ट्रामवर कंडक्टर होता तेव्हापासून रोज सकाळी तिला मऊ फडक्याने पुसतो. माझी पाठ दुखते म्हटलं तर "तेल लाव" म्हणतो, आणि तिचं दार करकरलं तर स्वतः तेल लावतो. गुरुवारी शाहिनाजची वरात होती. आजोबांच्या गाडीतून, समुद्राच्या रस्त्याने, हॉर्न वाजवत जायचं हा तिचा लहानपणापासूनचा हट्ट. पण ब्रेक दाबला की गाडी गाढवासारखी रेकायची. म्हणून बहगतने मागचे ब्रेक लायनर बदलायला काढले.

काढले म्हणजे दोन्ही चाकांचे एकदम काढले. दोन्ही ड्रम उतरवले, आतलं सगळं सोडवलं आणि माझ्या कपडे भिजवायच्या घमेल्यात टाकलं. अर्धचंद्रासारखे चार लायनर, लहानमोठ्या स्प्रिंगा, पट्ट्या, पिना, वाट्या, सगळं रॉकेलमध्ये एकत्र पोहत होतं.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक उस्ता मुहर्रम चहाचा ग्लास घेऊन बघायला आला. घमेल्यात डोकावला आणि हळहळला.

"अरे बहगत, सगळं जग एक बाजू उघडतं. तिकडचं बघून इकडचं लावतं. तू आता कशाकडे बघून लावणार? आरशात?"

"मी या गाडीत लहानाचा मोठा झालोय," बहगत म्हणाला.

"मी आईच्या पोटात वाढलो. म्हणून मला बाळंतपण करता येतं का?"

वरच्या सज्जातून माझी शेजारीण दौलत खिदळली. तिचा नवरा देवाघरी गेल्यापासून तिला हसायला कुणाची परवानगी लागत नाही. बहगतच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने पक्कड घेतली, वरची जाड स्प्रिंग दात-ओठ खाऊन ताणली, आणि ती पकडीतून निसटून सण्णकन त्याच्याच नाकावर बसली. दौलत पोट धरून हसली. मीही हसले. काय करणार, नाक एवढं लाल झालं होतं.

मुहर्रम बाह्या सरसावत म्हणाला, "सरक बाजूला. मी लावून देतो."

तेव्हा बहगत उभा राहिला, एका हातात पक्कड आणि दुसरा नाकावर. आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "या ब्रेकांना आता माझा हात लागला, किंवा दुसऱ्या कुठल्या पुरुषाचा हात लागला, तर इन्शिराहला तलाक!"

इन्शिराह म्हणजे मी. मुहर्रमने चहाचा ग्लास हळूच खाली ठेवला. दौलतचं हसू तोंडातच राहिलं. बहगतने आपण काय बोललो ते बहुतेक आमच्या तोंडांकडे बघून ओळखलं, कारण त्याचं नाक सोडून बाकीचा चेहरा पांढरा पडला. तो वर गेला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण त्या आगीखाली भीती होती, खरी. गाडी दोन्ही मागची चाकं काढून गल्लीत विटांवर उभी. कुणाचा तरी हात लागल्याशिवाय ती उतरणार नव्हती. हात लागला की गुरुवारी मुलगी सासरी आणि आई माहेरी. आणि माहेरी तरी आता कोण होतं? आई गेली, भाऊ कुवेतला, घर विकलेलं. जावयाच्या घरचे विचारतील, वधूची आई कुठे उभी राहणार, तर काय सांगायचं?

दौलत खाली येऊन माझ्याशेजारी बसली.

"पुरुषाचा हात म्हणाला ना तो?"

"हो."

"मग बाईच्या हाताचं काय?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने आपले दोन्ही हात पुढे केले, ताज्या मेंदीचे. "ही शपथा घेणारी माणसं," ती म्हणाली, "आपल्याला मोजायला नेहमी विसरतात."

बुधवारी सकाळी आम्ही दोघी गाडीपाशी बसलो. मी बहगतचा जुना लेंगा चढवला होता. दौलतने बांगड्या काढून दातांत धरल्या होत्या, मग बोलता येईना म्हणून ओट्यावर ठेवल्या. बहगतला खुर्ची दिली होती आणि त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मुहर्रम चार हात लांब उभा. हाताला बंदी होती, जिभेला नव्हती, त्यामुळे दोघेही एकदम बोलत होते.

"आधी मागची पत्र्याची थाळी पूस."

"पुसून झाल्यावर लायनर जिथे टेकतो तिथे ग्रीस. चिमूटभर, शाहिनाजच्या आई, पावाला लोणी लावल्यासारखं नको."

"तिला सांगू नकोस! माझी गाडी आहे, मी सांगतो. ग्रीस लाव."

"कुठे?" मी विचारलं.

"तिथे!" बहगत मानेने दाखवायला लागला, आणि तो मानेने दाखवतो तेव्हा सगळ्याच दिशा दाखवतो.

मी थाळीच बघितली. जुन्या पत्र्यावर जिथे लोखंड घासलं होतं तिथे चकचकीत टिकल्या होत्या, बाकी सगळीकडे काळा थर. तव्याच्या बुडाला हेच होतं. टिकल्यांवर ग्रीस लावलं. मुहर्रमने मान डोलावली, आणि त्याने मान डोलावली म्हणून बहगत चिडला.

चार लायनरपैकी दोघांना हँडब्रेकची दांडी होती, दोघांना नव्हती. म्हणजे प्रत्येक चाकाला दांडीवाला एक आणि बोडका एक. डाव्या चाकासमोर बसून दांडीवाला उजव्या हाताला लावला, गाडीच्या मागच्या बाजूला, केबल तिथेच येत होती. खालची स्प्रिंग अडकवली, मध्ये पट्टी बसवली, पिना मागून घालून पुढून वाटी दाबून फिरवायची. वाटी दाबताना ती तीनदा उडाली. एकदा दौलतच्या गळ्यात गेली.

"थांबा, मी काढतो," मुहर्रम सवयीने पुढे झाला.

"पुरुषाचा हात!" दौलत किंचाळली, आणि हसता हसता तिला ठसका लागला.

वरची जाड स्प्रिंग उरली. बहगतच्या नाकावर बसलेली ती हीच. दौलतने पकडीने ताणली, मी आकडा भोकात ढकलला, आणि एकदाचा तो टक्कन बसला.

"चोळीच्या हुकांसारखंच आहे गं हे," दौलत म्हणाली. "फक्त आतलं माणूस आरडाओरडा करत नाही."

ड्रम चढवला, वरून लाकडाने दोन टोले हाणले. फिरवला, तर हलकेच घासल्याचा आवाज करत फिरला. मला भलताच आनंद झाला. एवढी वर्षं ज्या गाडीला मी फक्त सरबताचे ग्लास नेऊन दिले, तिच्या पोटात माझे हात गेले होते.

बहगतने मात्र "हं" केलं. नुसतं "हं".

उजव्या चाकापाशी बसलो. मी दांडीवाला लायनर डाव्या हाताला धरला.

"उजवीकडे!" बहगत म्हणाला.

"मागच्या बाजूला हवा ना? या चाकाला मागची बाजू माझ्या डावीकडे आहे."

"तिकडे उजवीकडे होता, इकडेही उजवीकडेच!"

"माझे दोन्ही हात बघ," मी दोन्ही काळे पंजे त्याच्या तोंडासमोर धरले. "दोन्ही अंगठे उजवीकडे आहेत का?"

मुहर्रमने खोकल्याचं सोंग करून तोंड फिरवलं. समोरच्या कॉफीच्या दुकानातली गिऱ्हाइकं खुर्च्या घेऊन जवळ सरकली होती, ती मोकळेपणाने हसली. बहगतचे हात मांड्यांखालून अर्धे बाहेर आले, मग त्याला आठवलं, परत आत गेले.

"सांभाळ हां, बहगत," दौलत म्हणाली. "एक बोट लागलं तर ही मोकळी. आणि उस्ता मुहर्रमची बायको जाऊन वर्ष झालं. बघ, आज त्याने केसही विंचरलेत."

मुहर्रम कानापर्यंत लाल झाला. खरंच विंचरले होते. माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

केबल जुळली, खालची स्प्रिंग, पट्टी, पिना, वाट्या, सगळं बसलं. उरली वरची शेवटची स्प्रिंग. पण पकडीच्या दातांत ग्रीस गेलं होतं आणि ती सारखी निसटत होती. दौलतची बोटं दमली, माझी कापायला लागली. मी वर बघितलं. आमच्या सज्जात दोरीवर बहगतचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा वाळत होता.

"दौलत, त्याची नाडी काढून आण."

नाडीचा फास स्प्रिंगच्या आकड्यात अडकवला, दोन्ही टोकं हाताला गुंडाळली, पाय गाडीला टेकवून ओढलं. आकडा सरकत सरकत भोकाशी आला आणि आपणहून आत पडला. टक्. नाडी सोडवून घेतली, काम झालं. कॉफीच्या दुकानातून टाळ्या आल्या.

"बहगत!" कुणीतरी ओरडलं. "उद्या पायजमा कसा सावरणार? वरातीत ब्रेक दाबला की कुठे काय सुटेल, नेम नाही!"

मी हसत मागे वळले तर बहगत खुर्चीवर नव्हता. माझ्या खांद्यावरून वाकला होता. "नाडीने? माझ्या बापाच्या गाडीला नाडीने?" असं पुटपुटत त्याने पक्कड घेतली आणि मी लावलेली स्प्रिंग उपटून काढली.

टाळ्या थांबल्या.

त्याच्या एका हातात पक्कड होती, दुसऱ्यात स्प्रिंग, आणि बोटं काळी. त्याने बोटांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग हात खिशात घातला, जणू खिशात घातला की तो लागलाच नव्हता.

माझं बोट चिरडत होतं म्हणून त्याचा हात पुढे आला असता तर मी आयुष्यभर ते सांगत फिरले असते. गाडी घसरली असती तरी समजलं असतं. पण सगळं नीट लागलं होतं. नीट लागलं होतं म्हणूनच त्याला राहवलं नाही. बोटाएवढ्या लोखंडापुढे त्याला मी दिसले नाही.

कुणीतरी शेख अब्देलबारींना आणायला धावलं. ते न्हाव्याकडे होते, तसेच आले. गळ्यात टॉवेल, अर्ध्या गालावर साबण, हातात चप्पल. त्यांना चारजणांनी चार तऱ्हांनी सगळं सांगितलं. नाडीचा भाग सगळ्यांनी सांगितला.

शेख बहगतसमोर उभे राहिले. "माझ्याकडे बघ. शपथ घेतलीस तेव्हा मनात काय होतं? या बाईला सोडायचं होतं, की नुसतं स्वतःच्या आणि लोकांच्या हाताला आवर घालायचा होता? सोडायचं असेल तर ती सुटली, आत्ता, इथे. नसेल तर तू फक्त शपथ मोडलीस. दहा गरिबांना जेवू घाल आणि तोंड सांभाळ. नीट आठवून सांग. देव ऐकतोय."

देव ऐकत होता ते ठीक, पण कॉफीचं दुकानही ऐकत होतं. बहगतने सगळ्यांकडे बघितलं. मी त्याला ओळखते. कबुतराच्या दिवशी हीच छाती अशीच पुढे आली होती. मला त्याचा राग येत होता, आणि माझं सगळं घर त्या एका तोंडातून काय बाहेर पडतं यावर लटकलंय याचा त्याहून जास्त राग येत होता.

त्याची छाती खाली गेली.

"मनात काही नव्हतं, मौलाना," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मागच्यांनी "काय? काय?" केलं. मग तो मोठ्याने म्हणाला, "काही नव्हतं! नुसती वाफ होती! नाक दुखत होतं, लोक हसत होते, म्हणून बोललो. मी असंच बोलतो. मनापासून कधीच म्हणालो नाही. एकदाही नाही."

"अलहम्दुलिल्लाह," शेख म्हणाले आणि गालावरचा वाळलेला साबण खाजवला. लोकांनी सुस्कारे सोडले. मुहर्रमनेही सोडला, पण तो जरा वेगळा होता.

"एकदाही नाही?" मी विचारलं.

"देवाशपथ, एकदाही नाही." तो आनंदाने म्हणाला. त्याला वाटलं मी खूश आहे.

"कबुतराच्या वेळी?"

त्याचं हसू अडखळलं. "तेव्हाही नाही."

"मग तेव्हाच्या शेखने हेच विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"लोक होते गं तिथे."

"आज लोक नाहीत?"

त्याने गल्लीभर नजर फिरवली. सज्जे भरलेले, खुर्च्या भरलेल्या. मग खाली बघत म्हणाला, "आज तिसरा होता."

दौलतने माझा दंड धरला. मला तो अख्खा हिवाळा आठवला, शाहिनाजचा खोकला, आणि माझी आई, जी लोकांना सांगत फिरली की तिच्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. तेव्हा बहगतजवळ एक तलाक जास्तीचा होता, म्हणून खर्च केला. मला रडू आलं. भर गल्लीत, लेंग्यात, काळ्या हातांनी डोळे पुसत मी रडले, आणि कुणी हसलं नाही.

मग नाक पुसलं, त्याच्या हातातून स्प्रिंग घेतली, नाडी घेतली आणि परत लावली. टक्. ड्रम चढवला, चाकं लावली, मुहर्रमने लांबूनच सांगितलं तसे नट आवळले आणि दौलतने जॅक लावून विटा काढल्या. बहगतला म्हटलं, "बस." तो शेजारी बसला. गाडी मला चालवता येते. एकदा तो हर्नियाच्या दुखण्याने पडला होता तेव्हा शिकले, आणि त्यानंतर चालवायला मिळाली नव्हती. गल्लीच्या उतारावर वेग घेतला आणि मशिदीच्या कोपऱ्यावर ब्रेकवर दोन्ही पायांनी उभी राहिले. गाडी सरळ रेषेत, हूं की चूं न करता, जागच्या जागी थांबली. बहगतचं नाक डॅशबोर्डवर आपटलं.

"छान लागलेत," तो नाक धरून म्हणाला. पहिल्यांदाच म्हणाला.

"आता दहा माणसांचं जेवण," मी म्हणाले. "कांदा लाल करून मासळीचा भात. मासळी तू आणणार, साफ तू करणार, कांदा तू चिरणार. मी भांड्याला हात लावणार नाही."

त्याने घाबरून माझ्याकडे बघितलं. "शपथ घेतलीस?"

"नाही. सांगितलं."

तो दार उघडून उतरला आणि कोळ्यांच्या बाजाराकडे चालू लागला. थोडं पुढे जाऊन परत आला आणि खिडकीतून विचारलं, मासळी कुठली घ्यायची असते.